आरोपीच्या पगारावरचा साक्षीदार

दुसऱ्याच्या वाड्यात आपली तिजोरी ठेवायची आणि वाड्याच्या मालकालाच ती उघडता येऊ नये असा बंदोबस्त करायचा, हा आजच्या ‘कॉन्फिडेन्शियल कॉम्प्युटिंग’चा सारा खटाटोप आहे. इस्पितळांची टिपणे आणि पेढ्यांच्या खातेवह्या आता परक्या यंत्रशाळेत भाड्याने घेतलेल्या आभासी यंत्रांवर नांदतात. एएमडीने २०१६ साली अशा यंत्राची स्मृती सांकेतिक करण्याची सोय जाहीर केली. २०२१ च्या प्रोसेसरांत एसईव्ही-एसएनपी आली आणि त्या स्मृतीत चोरून फेरफार करण्याच्या वाटेवरही पहारा बसला. इथवर सारे ठीक.

पण यंत्र सुरू होताना त्यात कोणती आज्ञावली शिरली, याची साक्ष कोणी द्यायची? ती टीपीएम नावाची चिप देते. प्रत्येक पायरीचा ठसा ती आपल्या वहीत नोंदवते. यंत्र चालू आहे तोवर त्या वहीत भर घालता येते, खाडाखोड करता येत नाही. आणि मागणी होताच ती सहीनिशी उतारा देते. आभासी यंत्राला आभासी चिप हवी, हे ओघानेच आले. वादाला तोंड फुटते ते इथे. पुष्कळ शहाणे म्हणतात, यंत्रशाळेच्या मालकाचा हायपरव्हायझर ती चिप चालवतोच आहे, तिच्याशी बोलणारे ड्रायव्हर कर्नेलमध्ये केव्हाचेच आहेत. मग नव्याची उठाठेव कशाला?

कशाला म्हणून काय विचारता? ज्याच्यावर संशय घेऊन पहारा बसवला, त्याच्याच पगारावर साक्षीदार ठेवायचा? वहीही त्याची, शाईही त्याची, सहीचा शिक्काही त्याच्याच खिशात! तो हवा तो उतारा लिहून देणार आणि आपण तो प्रमाण मानणार. यापेक्षा चिप नसलेली बरी. निदान फसवी निश्चिंती तरी वाट्याला येणार नाही.

साक्षीदार तिजोरीच्या आतच बसला पाहिजे. एसएनपीत अधिकाराच्या ० ते ३ अशा चार पायऱ्या आहेत. सर्वांत वरच्या, म्हणजे शून्याव्या पायरीवर एसव्हीएसएम हा छोटा कारभारी बसतो. कर्नेलला कमी अधिकाराची पायरी मिळते. चिप या कारभाऱ्याच्या ताब्यात असली म्हणजे बाहेरच्या मालकाचाच काय, बिघडलेल्या कर्नेलचाही हात तिला लागत नाही. २०२५ च्या लिनक्स ६.१६ मध्ये आलेला ड्रायव्हर याच वाटेने जातो. तो निव्वळ निरोप्या आहे : आज्ञा पोचवतो, उत्तर घेऊन परततो. खऱ्या चिपच्या रजिस्टरांचे सोंग तो वठवत नाही, हेच त्याचे मोठेपण.

“त्या कारभाऱ्यावर तरी विश्वास का ठेवावा?” हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच त्याचा ठसा प्रोसेसरच्या दाखल्यात हवा, चिपच्या किल्लीची ओळखही त्याच दाखल्याशी बांधलेली हवी, आणि त्याची आज्ञावली थोडकी व सर्वांना तपासता येईल अशी हवी. एवढी तोशीस ज्यांना नको असेल, त्यांनी मालकाचा साक्षीदार खुशाल पत्करावा. मात्र आपल्या दुकानावरची ‘गोपनीय’ ही पाटी त्यांनी आधी उतरवावी.