कितवी आलीस?

शाळेत शिकवायचे तेव्हा क्रीडादिनाला शिट्टी माझ्या हातात असायची, धावायची मुलं. मी स्वतः बस पकडण्यापलीकडे कधी धावले नव्हते. तरीही यंदा सिडनीच्या ‘सिटी टू सर्फ’ला नाव घातलं. १९७१ पासून चालत आलेली ही शर्यत ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी असते. हाइड पार्क ते बाँडाय बीच, १४ किलोमीटर.

मे महिन्यात सराव सुरू केला. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, हळूहळू उलटं.

शर्यतीत मात्र सगळं विसरून गर्दीबरोबर सुसाट सुटले. सहाव्या किलोमीटरजवळ रोझ बेचा चढ लागला. नावच ‘हार्टब्रेक हिल’, लांबी सुमारे दोन किलोमीटर! निम्म्यावर छाती फुटायला आली. चाललं तर हरल्यासारखंच, बाजूला व्हावं, असं वाटलं. तेव्हा एक विद्यार्थी आठवला. मागे पडला म्हणून तो शर्यत सोडून बसला होता आणि मी त्याला सगळ्यांदेखत रागावले होते. त्याला काय वाटलं असेल, ते आत्ता कळलं. ‘चालत ये, पण ये,’ एवढंच म्हणायला हवं होतं.

ते स्वतःलाच म्हटलं. चढ चालत चढले, माथ्यावरून पुन्हा धावले. दोन तास सात मिनिटांनी बाँडायला पोहोचले.

साताऱ्याला फोन लावला. आईने विचारलं, “कितवी आलीस?”

“माहीत नाही गं. पण पोहोचले.”

“बरं झालं. आता गरम पाण्यात पाय सोडून बस.”