आधी बोये, मग बोटी

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्याजवळ व्हिट्संडे हा ७४ बेटांचा समूह आहे. आईवडील, मुले, कधी आजी-आजोबाही, असे एखादे कुटुंब एअर्ली बीचहून शिडाची बोट भाड्याने घेते आणि आठवडाभर ती स्वतःच हाकत बेटाबेटांतून फिरते. त्यासाठी परवाना लागत नाही आणि सोबत तांडेलही घ्यावा लागत नाही. दिवसा आग्नेयेचा वारा शिडात घ्यायचा आणि दिवस मावळण्याआधी हुक बेटावरच्या नारा इनलेटसारख्या, डोंगरांनी वेढलेल्या चिंचोळ्या खाडीत मुक्काम करायचा. समुद्राशी अशी ओळख मुलांना लहानपणीच व्हावी, ही इच्छा चांगली आहे आणि ती आपल्याकडच्या पालकांनाही वाटली तर त्यात गैर काही नाही. मात्र व्हिट्संडेतले हे सुख जितके निसर्गाने दिलेले आहे, तितकेच ते माणसांनी नियम करून राखलेले आहे. कोकणात सहलीच्या बोटी वाढवायच्या असतील, तर बोटींच्या आधी ती राखणीची व्यवस्था उभी राहिली पाहिजे.

निसर्गाचा वाटा उघड आहे. पूर्वेला सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची ग्रेट बॅरिअर रीफ पसरलेली आहे. प्रशांत महासागराच्या लाटांचा जोर तिच्यावर मोडतो आणि आतल्या बेटांभोवती पाणी त्यामानाने शांत राहते. या आडोशाच्या जागा न्गारो लोकांना हजारो वर्षांपासून ठाऊक होत्या, नारा इनलेटमधल्या गुहेत त्यांची चित्रे आजही आहेत. माणसांचा वाटा मात्र पाहुण्याला चटकन दिसत नाही. बोट ताब्यात देण्याआधी कुटुंबाला ती हाताळायला शिकवले जाते, नकाशावर कुठे जायचे आणि कुठे नाही ते समजावले जाते. सकाळ-संध्याकाळ रेडिओवर बोटीची चौकशी होते, वारा वाढला की आडोसा सोडू नका असे सांगितले जाते आणि अंधारात बोट चालवायला मनाई असते. परवाना नसलेल्या माणसाला मोकळीक देता येते, ती या बंधनांमुळेच.

नांगराचेही तसेच आहे. नांगर जिथे रुततो तिथले प्रवाळ मोडतेच, पण त्याहून अधिक नासधूस साखळी करते. वारा आणि भरती-ओहोटी फिरली की बोट फिरते आणि तळाशी पडलेली साखळी केरसुणीसारखी सगळे झाडून नेते. गोल, भरीव प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढते, म्हणजे एका रात्रीचे नुकसान भरून यायला कित्येक वर्षे जातात. यावर व्हिट्संडेत साधा उपाय आहे. समुद्रतळाशी पक्के बसवलेले निळे बोये ठिकठिकाणी तरंगत असतात. कोणत्या बोयाला केवढी बोट, किती वाऱ्यापर्यंत आणि किती वेळ बांधायची, हे त्यावरच लिहिलेले असते. हे सार्वजनिक बोये वापरायला पैसे पडत नाहीत. जिथे प्रवाळ दाट आहे तिथे पांढऱ्या, पिरॅमिडच्या आकाराच्या खुणा आहेत, त्यांच्या आत नांगर टाकता येत नाही.

आता मालवणकडे पाहू. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहे आणि सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य तिथे १९८७ मध्ये घोषित झाले. स्नॉर्केलिंग आणि स्कूबासाठी पर्यटक येतात आणि त्यावर अनेक घरे चालतात. व्हिट्संडेच्या तुलनेत हे प्रवाळक्षेत्र फारच लहान आहे. म्हणूनच इथे प्रत्येक वेळी नांगर टाकणे परवडणारे नाही.

यावर पहिला आक्षेप असा की प्रवाळाचा खरा शत्रू तापलेला समुद्र आहे, नांगराचे काय घेऊन बसलात? ग्रेट बॅरिअर रीफवर २०१६ ते २०२४ या काळात पाच वेळा मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडले, हे खरेच आहे. कोणताही बोया पाण्याचे तापमान उतरवू शकत नाही. पण उष्णतेने अशक्त झालेल्या प्रवाळाला सावरायला उसंत लागते, आणि त्याच काळात वरून साखळी फिरत राहिली तर ती उसंतच मिळत नाही. जागतिक तापमान मालवणच्या हातात नाही, नांगर मात्र आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हौशी लोकांच्या सहलीसाठी मच्छीमारांच्या समुद्रावर कुंपणे घालायची का? अभयारण्याची घोषणा झाल्यावर मालवणच्या मच्छीमारांनी विरोध केला, त्यामागे हीच भीती होती आणि ती रास्त होती. म्हणून बोये कुठे बसवायचे, कुठे बसवायचे नाहीत आणि त्यांची देखभाल कोणी करायची, हे ठरवताना पहिला शब्द मच्छीमार संस्थांचा असावा. तळ कुठे खडकाळ आहे, कुठल्या वाऱ्याला कुठली जागा सुरक्षित, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक आहे? या कामाचा मोबदला त्यांना सहलीच्या बोटींवरील शुल्कातून मिळावा. मासेमारीच्या होड्यांना ते शुल्क नसावे.

तिसरा आक्षेप पावसाळ्याचा. कोकणचा जून-जुलैतला समुद्र बोये उखडून नेईल, असे म्हणता येईल. पण त्या दिवसांत मासेमारीही बंद असते आणि सहलीही. तेवढ्या काळात बोये काढून, दोर-साखळ्या तपासून, हंगामाच्या सुरुवातीला पुन्हा बसवता येतात. दरवर्षीचे ते ठरलेले काम होईल आणि गावातच राहील.

म्हणून शासनाकडे मागणी इतकीच आहे की प्रवाळक्षेत्रात सहलीच्या नव्या बोटीला परवानगी देण्याआधी तिच्यासाठी बोया आहे का, हे तपासावे. नसेल, तर परवानगी थांबवावी. आपल्या मुलांनी शिडाच्या बोटीतून कोकणचा किनारा पाहावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनीच ही अट सर्वांत आधी मागायला हवी.