पाळण्याआधी पाळणेवाला बघा

घटस्थापना जवळ आली की यवतमाळात ट्रक भरभरून लोखंड उतरायला लागतं. बघता बघता मोकळ्या मैदानात आकाशपाळणा उभा राहतो. शेजारी ब्रेक डान्स, टोराटोरा, कोलंबसचं जहाज आणि लेकरांसाठी ड्रॅगन ट्रेन. कोलकात्यानंतर दुर्गोत्सव बघावा तर यवतमाळचा, असं आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. देवीचं दर्शन झालं की लेकरं हात धरून पाळण्यांकडेच ओढतात. वणीला रंगनाथस्वामींच्या जत्रेत हेच, कळंबला चिंतामणीच्या यात्रेतही हेच.

मला या यंत्रांचं लहानपणापासून वेड आहे. जत्रेतला पाळणा असो की खोपोलीच्या इमॅजिकातला रोलर कोस्टर, तो कसा चालतो आणि कोण चालवतं हे बघण्यात माझा वेळ कसा जातो ते कळत नाही. त्यामुळे ‘बसूच नका’ असं मी कोणालाही सांगणार नाही. बसा, लेकरांना बसवा. माझं मागणं एवढंच आहे की तिकीट काढण्याआधी दोन फेऱ्या खाली उभं राहून बघा. आणि बघताना पाळण्याच्या उंचीकडे, दिव्यांकडे नका बघू. तो चालवणाऱ्या माणसाकडे बघा.

चांगला पाळणेवाला ओळखता येतो. आकाशपाळणा भरताना तो लागोपाठचे सगळे डबे एकदम भरत नाही. दोन-तीन डबे भरतो, चाक अर्धं फिरवतो आणि समोरच्या बाजूचे भरतो. एका अंगाला वजन झालं तर चाक त्या बाजूला जोराने खाली येतं, इंजिनावर आणि ब्रेकवर ताण पडतो. गर्दी कमी असली तरी तो माणसं वाटून बसवतो, मग कोणी ‘आम्हाला एकत्रच बसायचं’ म्हणून कितीही हट्ट धरो. डब्याचं दार लावल्यावर तो खिटी हाताने ओढून बघतो. नुसतं बघून पुढे जात नाही, ओढतो. पाळणा फिरत असताना त्याचा एक हात ब्रेकच्या दांड्याजवळ असतो आणि डोळे वर असतात. मोबाइल खिशात असतो. अशा माणसाच्या पाळण्यात मी माझी लेकरं बिनधास्त बसवेन, मग पाळण्याचा रंग उडालेला का असेना.

उलट काय दिसतं तेही सांगतो. चालू पाळण्याला हात लावून पोरगं डब्यात चढतंय, कोणी हटकत नाही. खिटीच्या जागी तार पिळलेली आहे. एकाच आडव्या दांड्यामागे बाप आणि सहा वर्षांचं लेकरू बसलंय. दांडा बापाच्या पोटाला टेकून थांबलाय आणि लेकरासमोर हातभर जागा मोकळी राहिलीय. ही शेवटची गोष्ट जत्रेत सर्रास दिसते आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. बापाला वाटतं, मी धरलंय ना. ब्रेक डान्सचा डबा गर्रकन फिरला की धरलेला हात सुटायला वेळ लागत नाही. दांडा लेकराच्या मांडीला टेकत नसेल तर त्या पाळण्यात त्याला बसवू नका. रडेल, थोड्या वेळाने विसरेल.

माणसावर एवढा भर का देतो, तेही सांगायला हवं. इमॅजिका 2013 मध्ये सुरू झालं. तिथला नायट्रो हा रोलर कोस्टर स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड मॅबिलार्ड कंपनीने बनवलेला आहे. माणूस उलटा होतो, पायाखाली काहीच नसतं, तरी डबा रुळावरून सुटत नाही. कारण त्याला तीन बाजूंनी चाकं असतात: रुळावर, रुळाच्या कडेला आणि रुळाच्या खाली. खालचं चाक डब्याला वर उडू देत नाही. ही युक्ती जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी पेटंट केली. आजच्या मोठ्या कोस्टरवर गाड्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून रूळ टप्प्याटप्प्यांत वाटलेला असतो. पुढचा टप्पा रिकामा झाल्याशिवाय संगणक मागची गाडी सोडत नाही.

एवढी हुशार व्यवस्था असूनही 2 जून 2015 ला इंग्लंडच्या आल्टन टॉवर्समध्ये ‘स्मायलर’ कोस्टरची 16 माणसं भरलेली गाडी रुळावर अडकलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुणींचा एकेक पाय कापावा लागला. संगणकाने गाडी बरोबर थांबवली होती. तिथल्या माणसांना वाटलं की संगणकच चुकतोय, आणि त्यांनी ती हाताने पुढे सोडली. पुढच्या वर्षी कंपनीला 50 लाख पौंड दंड झाला. कर्मचाऱ्यांना नीट शिकवणं आणि कामाची धड पद्धत घालून देणं ही कंपनीची जबाबदारी होती. यंत्र कितीही चांगलं असलं तरी ते माणसाच्या हातात असतं. आपल्या जत्रेत तर संगणक नसतोच. असतो तो पाळणेवाला, त्याचे डोळे आणि त्याचा ब्रेकवरचा हात.

यंत्राचं झिजणं मात्र खालून दिसत नाही. 14 जुलै 2019 ला अहमदाबादच्या कांकरियात झोक्यासारखी फिरणारी राइड मधूनच तुटली, दोन जणांचा जीव गेला. आत पडलेली चीर तुम्हा-आम्हाला कळणार नाही. ती शोधणं तपासणाऱ्या अभियंत्याचं काम. म्हणून तपासणीचा दाखला तिकीटखिडकीशेजारी दिसेल असा लावलेला असावा, आणि तो मागायला लाजू नका.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, काळी माती. नवरात्रात परतीचा पाऊस येतोच. वरून वाळलेलं मैदान खाली भिजलेलं असतं आणि काळी माती भिजली की दबते. पाळण्याचे पाय जाड लाकडी फळ्यांवर, स्लीपरवर टेकवलेले असतात ते यासाठीच. पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी त्या फळ्या बघा. एका बाजूची मातीत रुतली असेल, शेजारी विटांचे तुकडे कोंबून उंची भागवली असेल, तर त्या दिवशी तिकीट काढू नका. बरेच पाळणे टायर घासून फिरवतात आणि त्यालाच दाबून थांबवतात. टायर ओला झाला की पकड सुटते. पाऊस सुरू झाला, वीज चमकली आणि पाळणेवाल्याने खेळ बंद केला, तर ‘पैसे परत दे’ म्हणून त्याच्या अंगावर धावून जाऊ नका. त्याने आपलं काम चोख केलंय, मोठ्याने शाबासकी द्या. त्या दिवसाचं त्याचंही नुकसान झालेलं असतं.

आपणही त्याला बिघडवतो, हे मला मनापासून वाटतं. ‘अजून जोरात!’, ‘दोन फेऱ्या जास्त दे रे!’ असं खालून ओरडणारे आपणच. रांग हळू सरकली की शिट्ट्या मारणारेही आपणच. रांग हळू सरकते कारण तो एकेक दार ओढून बघतोय. रांग पटापट सरकावी असं वाटत असेल तर आपली तयारी करून उभे राहा: पिशव्या, चपला, मोबाइल घरच्या कोणाजवळ द्या, मुलींनी वेणी घट्ट बांधून ओढणी कमरेला खोचावी, सुटे पैसे हातात ठेवावेत. खोपोलीला असो की जत्रेत, वेळ वाया जातो तो चढण्या-उतरण्याच्या गोंधळात.

दुर्गोत्सव मंडळांना आणि जत्रा समित्यांना माझी हात जोडून विनंती आहे. मैदान देताना फक्त भाड्याचा आकडा बोलू नका. रोज संध्याकाळी पहिली फेरी रिकामी फिरवायची, ती मंडळाच्या एका माणसाने उभं राहून बघायची आणि वहीत सही करायची, एवढं कागदावर घ्या. भोवती कठडा हवा. शेवटची फेरी किती वाजता ते आधीच ठरवा. आणि एका पाळण्याला चालवणारे दोघे हवेत असा आग्रह धरा. ही माणसं घरदार सोडून महिनोन्महिने गावोगाव फिरतात, दिवसा बोल्ट आवळतात, रात्री बारापर्यंत ब्रेकजवळ उभी राहतात. अष्टमी-नवमीच्या गर्दीत एकाच माणसाला जेवायलाही सुट्टी मिळत नाही. मंडळाच्या महाप्रसादाचं ताट वेळेवर त्याच्यापर्यंत पोहोचवा, आणि तो जेवेपर्यंत दुसऱ्याला दांड्याजवळ उभं करा किंवा पाळणा थांबवून ठेवा.

आणि काही खटकलंच, खिटी तुटलेली दिसली, वेगळा आवाज आला, तर आधी पाळणेवाल्याला सांगा. त्याने ऐकलं नाही तर मंडळाच्या मांडवात जा. तिथेही कोणी दाद देत नसेल तर 112 ला फोन करा आणि मैदानाचं नाव सांगा.