हैदराबादला जा, पण सावकाश

या दिवाळीच्या सुटीत हैदराबादला जायचं ठरवत असाल, तर आधी एक विनंती : दोन दिवसांत सगळं दाखवून आणणाऱ्या सहलीत नाव घालू नका. त्यातला एक अख्खा दिवस रामोजी फिल्म सिटीत जातो. मुलांना तिथं मजा येते हे खरं, पण ती शहराबाहेर उभारलेली जागा आहे. उरलेल्या दिवसात गोवळकोंडा, चारमिनारसमोर फोटो आणि बिर्याणी. गाडीच्या काचेतून पाहिलेल्या गावावर जीव जडत नाही. हैदराबादवर तो जडतो, माझाही जडला आहे. पण त्यासाठी पायी फिरावं लागतं आणि निदान चार दिवस हाताशी ठेवावे लागतात.

हिंगोलीकरांना जायची अडचण नाही. पूर्णा, नांदेड, निजामाबाद करत रेल्वे थेट काचीगुड्याला पोचवते. मुक्काम काचीगुडा, कोठी, सुलतान बाजार याच भागात करा. हायटेक सिटीतली हॉटेलं चकचकीत असतात, पण तिथून जुनं शहर लांब पडतं आणि निम्मी सुटी रहदारीत जाते. मे महिन्यात मात्र म्हातारी माणसं आणि लेकरं घेऊन जाऊ नका. ऊन आपल्याइतकंच असतं आणि पायी फिरणं होत नाही.

सकाळी लवकर अफझलगंजला या. तिथल्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुनं चिंचेचं झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला, हजारो माणसं गेली. त्या दिवशी या झाडावर चढून बसलेली सुमारे दीडशे माणसं वाचली. पुढे पूर अडवण्यासाठी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावण्यात आलं आणि उस्मानसागर, हिमायतसागर ही धरणं झाली. मुलांना त्या झाडापाशी उभं करून ही हकिकत सांगा. मग पूल ओलांडताना नदीकडे नीट बघा. वास येईल, तरी तोंड फिरवू नका. शहर आवडलं म्हणजे त्याचं दुखणंही बघायला हवं, आणि मुसी पाहून आलेल्या मुलाला आपल्या कयाधूत कचरा टाकणाऱ्याचा राग आला तर चांगलंच आहे.

पलीकडे सालारजंग संग्रहालय. शुक्रवारी ते बंद असतं, हे निघण्याआधीच लक्षात ठेवा. सगळं बघायचा हट्ट धरू नका. तोंडावर बुरखा घेतलेल्या रिबेकाचा संगमरवरी पुतळा आणि दर तासाला टोले देणारं घड्याळ एवढं पाहिलं तरी पुष्कळ झालं. बाराच्या सुमारास घड्याळापाशी जागा धरा.

उन्हं उतरली की चारमिनारकडे चला. १५९१ मधली ती वास्तू तर बघालच, पण लाड बाजारात जास्त वेळ द्या. निखाऱ्यावर लाख मऊ करून बांगडी वळवणारे कारागीर अजून आहेत. घासाघीस करा, पण त्यांच्या हाताचं काम आधी बघा. इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट घेत तासभर बसा, शेजारच्याशी बोला. तिथली दखनी आपल्या कानाला परकी लागत नाही.

लागणार तरी कशी? १९५६ पर्यंत हैदराबाद हीच आपल्या राज्याची राजधानी होती. हिंगोलीतल्या पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा या वस्त्या हैदराबाद कंटिन्जंटच्या छावणीतून आलेल्या. फौज निजामाच्या नावाची, हुकूम इंग्रज रेसिडेंटचा. आणि तिच्या खर्चापायी १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. त्या रेसिडेंटचा उंच खांबांचा वाडा कोठीला आजही उभा आहे, महिला विद्यापीठाच्या आवारात. फाटकावर विचारा, परवानगी मिळाली तर आत जा. तिथून जवळच विवेकवर्धिनी आहे, १९०७ मध्ये सुरू झालेली मराठी शाळा. शिक्षण उर्दूतून होत असलेल्या राज्यात मराठी मुलांसाठी तिची उभारणी करणाऱ्यांत केशवराव कोरटकर होते, आपल्या वसमतकडचे. हा माणूस हिंगोली जिल्ह्यातल्या किती शाळकरी मुलांना ठाऊक आहे?

नोकरीसाठी तिकडे गेलेला एखादा भाचा, पुतण्या बहुतेक घरांत असतो. त्याच्याकडे उतरलात तर त्याच्या सुटीच्या दिवशी त्याचीच गल्ली, त्याचा चहावाला, त्याचा रोजचा रस्ता दाखव म्हणा. पाहुण्याचं शहर आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचं शहर वेगळं असतं. तिकडेच स्थायिक व्हायचे बेत करण्याआधी ते दुसरंही बघून घ्या.

आणि एक जागा चुकवू नका. दर १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा झेंडा फडकावतो, स्वामी रामानंद तीर्थांच्या फोटोला हार घालतो. स्वामीजी १९७२ मध्ये हैदराबादेतच गेले. त्यांची समाधी बेगमपेठेत आहे. आपल्याकडून जाणाऱ्या सहलींच्या यादीत ती मी कधी पाहिली नाही. परतीची गाडी पकडण्याआधी लेकरांना घेऊन तिथं जाऊन या.