लक्ष्य सापडले, म्हणजे औषध सापडले का?

मद्यजन्य यकृतविकारासाठी नवे ‘रेणवीय लक्ष्य’ सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. लक्ष्य म्हणजे असा रेणू, ज्याला रोखले वा चालना दिली तर रोगाची वाटचाल बदलू शकेल. हे संशोधन आवश्यकच आहे. तीव्र मद्यजन्य यकृतदाहात आजही मुख्य आधार प्रेडनिसोलोन या जुन्या स्टेरॉइडचा आहे आणि ब्रिटनमधील हजाराहून अधिक रुग्णांवरील चाचणीत (२०१५) त्याचाही लाभ निर्णायक ठरला नाही.

तरीही बातमी वाचताना टीएनएफ-अल्फाची कथा आठवावी. मद्यामुळे आतड्याचे अस्तर झिरपू लागते, जिवाणूंचे विषारी घटक यकृतात पोहोचतात, तेथील कुप्फर पेशी टीएनएफ स्रवतात आणि दाह भडकतो. मग टीएनएफच रोखावा, हा तर्क सरळ होता; उंदरांमध्ये त्याला पुष्टीही मिळाली. रुग्णांमध्ये मात्र इन्फ्लिक्सिमॅबच्या चाचणीत गंभीर संसर्ग वाढले आणि ती मध्येच थांबवावी लागली. एटानरसेप्ट घेणाऱ्यांमध्ये तर सहा महिन्यांअखेर मृत्यूच अधिक झाले. जो रेणू दाह भडकवतो, तोच संसर्गाशी लढतो आणि यकृताच्या पुनर्निर्मितीलाही हातभार लावतो.

माझ्या मते आपले एक महत्त्वाचे लक्ष्य यकृतात नसून मेंदूत आहे. बॅक्लोफेन हे औषध मेंदूतील गाबा-बी ग्राहींवर कार्य करून मद्याची ओढ कमी करते. इटलीत सिरोसिसच्या ८४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२००७) ते घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के रुग्ण मद्यापासून दूर राहिले. प्लासिबो गटात हे प्रमाण २९ टक्के होते. पुढील सर्व चाचण्यांचे निष्कर्ष इतके अनुकूल नाहीत, हेही खरे. पण मद्य सुटल्याविना यकृतावरील कोणतेही औषध फार काळ तग धरणार नाही.

भारतात २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार सुमारे ५.७ कोटी लोकांना मद्यसेवनाच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. मद्यावर अवलंबून असलेल्या दर ३८ व्यक्तींपैकी जेमतेम एकीला उपचार मिळतो. म्हणून यकृतविभागातच व्यसनमुक्तीचे उपचार उपलब्ध व्हावेत आणि नव्या औषधांच्या चाचण्यांतही त्यांचा समावेश असावा. विद्यार्थ्यांनी अशी बातमी वाचताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर? आणि मृत्यू घटले, की केवळ रक्तचाचणीतील आकडे?