बांधावरील पाथरीस अभय असावे

'जे पेरले नाही ते तण' अशी सुटसुटीत व्याख्या आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो. तीच प्रमाण मानून शेतात उतरल्यास काय घडते, याचा अनुभव मला नोकरीच्या आरंभीच आला. एका गावी हरभऱ्याच्या प्रात्यक्षिकाचे शेत नेटके दिसावे म्हणून मी बांधावर तणनाशक फवारण्यास सांगितले. पंधरा दिवसांनी खुरपणीस आलेली एक वृद्ध मजूर स्त्री करपलेल्या बांधाकडे पाहून म्हणाली, "साहेब, आमची पाथरी जाळली की हो तुम्ही." मजुरीबरोबर ती रोज ओटीभर पाथरी घरी नेत असे. तिच्या घरची भाजी मी बंद केली होती.

पाथरी ही सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पती होय. तिची लांबट, दातेरी कडांची पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात आणि बारीक दांड्यांवर पिवळी फुले येतात. तिची कोवळी पाने भाकरीबरोबर कच्ची खातात किंवा डाळ घालून शिजवितात. चव किंचित कडवट असते. गुरेही ती आवडीने खातात. मात्र तिचे मूळ खोल जाते व तुटल्यास पुन्हा फुटते. केसाळ बी वाऱ्याबरोबर दूर उडते. म्हणून पिकाच्या ओळीत ती राहू देऊ नये, हे म्हणणे रास्तच आहे. तेथे ती ओल व अन्न यांत वाटेकरी होते.

पण ओळीचा न्याय बांधास लावण्याचे कारण काय? याच कुळातील गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळले आणि पुढे देशभर पसरले. त्याने अंगास खाज सुटते, जनावरे त्यास तोंड लावीत नाहीत. ते फुलोऱ्यापूर्वी उपटलेच पाहिजे. खुरपणाऱ्या बाईचा हात या दोहोंतील भेद जाणतो. पंपाचा फवारा तो जाणत नाही. आपला कृषी विभाग रानभाज्यांचे महोत्सव भरवितो आणि आपणच बांध जाळण्यास सांगावे, हे विसंगत नव्हे काय?

मजूर मिळत नाहीत व मजुरी परवडत नाही, ही शेतकऱ्यांची अडचण खरी आहे. तणनाशक मुळीच वापरू नये, असे माझे म्हणणे नाही. शिफारस केलेले औषध, शिफारस केलेल्या पिकात, योग्य मात्रेने वापरावे. परंतु बांधावर पीक नसते. तेथील मुळे उलट माती धरून ठेवतात. ग्लायफोसेटच्या वापरावर तर केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध घालून तो कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच व्हावा, असे ठरविले. ते बांधावर सर्रास मारण्याचा सल्ला कोणी देऊ नये.

पाथरी बांधावरून शेतात शिरेल, ही शंका योग्य आहे. पण तिचे उत्तर भाजी खुडण्यातच आहे. फुले येण्यापूर्वी पाने व दांडे खुडले, तर घरास भाजी मिळते आणि बीही धरत नाही. मूळ आत शिरू लागल्यास तेवढे खणून काढावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी अगत्याने सांगाव्यात. पहिली, फवारणी झालेल्या शेताच्या कडेची भाजी कोणी खुडू नये; फवारणारांनी मजुरांना तशी आगाऊ सूचना द्यावी. दुसरी, ओळख पटल्याशिवाय कोणतीही रानभाजी खाऊ नये. पाथरीचे पान मऊ असते व तोडल्यास पांढरा चीक येतो. पिवळा धोत्रा काटेरी असून त्याचा चीक पिवळा असतो. तो विषारी आहे. जाणत्या स्त्रीस दाखवून खात्री करून घेणे उत्तम.

शेतकरी बंधूंनो, पुढील खेपेस पंप पाठीवर घेण्यापूर्वी बांधावरून एक फेरी मारा आणि खुरपणीच्या बायांना विचारा, 'यांतले काय राखायचे?' हा प्रश्न मी त्या वेळी विचारला नाही. तो आपण विचारावा, एवढीच विनंती.