आधी रॅम, मग ग्राफिक्स कार्ड
कमी खर्चात संगणकाचे ग्राफिक्स सुधारू पाहणारा ग्राहक बहुधा थेट ग्राफिक्स कार्डाची किंमत विचारतो. वस्तुतः ज्या संगणकात ग्राफिक्सची सोय प्रोसेसरमध्येच असते, तेथे ती मुख्य रॅमवरच विसंबून असल्याने पहिला खर्च रॅमवर करणे शहाणपणाचे ठरते. डीडीआर४-३२०० रॅमची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गीगाबाइट माहिती पुरवते, तर ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन स्वतंत्र वाहिन्यांत, बसवलेल्या दोन पट्ट्या ५१.२ गीगाबाइट, म्हणून १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ८ जीबीच्या दोन केव्हाही श्रेयस्कर. एवढ्याने भागत नसेल तरच कार्डाकडे वळावे, आणि तेव्हाही आधी एसएमपीएसवरील, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावरील, लेबल वाचावे, कारण मदरबोर्डचा पीसीआयई स्लॉट, म्हणजे कार्ड बसवण्याची खाच, फार तर ७५ वॅट देतो व त्याहून अधिक वीज ओढणाऱ्या कार्डाला लागणारी वेगळी वायर कार्यालयांतून विकल्या गेलेल्या जुन्या संगणकांत पुष्कळदा नसतेच. २०२२ चे रेडिऑन आरएक्स ६४०० या मर्यादेत बसते खरे, परंतु ते स्लॉटच्या केवळ ४ मार्गिका वापरत असल्याने तिसऱ्या पिढीच्या पीसीआयई मदरबोर्डवर मंदावते; अशा यंत्रासाठी २०१९ च्या जीटीएक्स १६५० ची जादा वायर न लागणारी आवृत्तीच अधिक योग्य होय.